माझ्या आठ झडपा

मी नगरची, शाळामास्तरांची मुलगी. लग्न होईपर्यंत शेत पाहिलं होतं ते मोटारीच्या खिडकीतून, आणि तेवढं मला पुरेसं वाटलं होतं. मग कोल्हारजवळ, प्रवरेकाठच्या एका मळ्यात मला देऊन टाकलं. पाणी विहिरीचं, सरपण बाभळीचं, आणि पायांना चिकटलेली काळी माती धुवायला पुन्हा तेच विहिरीचं पाणी. पहिली तीन वर्षं मी नाक मुरडण्यातच काढली. सासूबाई म्हणायच्या, "नगरच्या पोरीला आमची माती काही मानवत नाही." मला त्याचा राग येत नसे, कारण ते अगदी खरं होतं.

दुसरी मोठी लढाई संपली त्या वर्षी आमच्या ह्यांनी ट्रॅक्टर घेतला. कालव्याखालच्या एका उसाच्या मळ्याने जुनी अवजारं लिलावात काढली होती, त्यातला. ओढ्यापलीकडे आमचं मोठं रान होतं, पण त्यात कुंदा माजलेला. कुंदा दिसायला नुसतं गवत, पण मुळं हात-दीड हात खोल. त्याला उपटायला आठ बैलांचा नांगर लागतो आणि आमच्याकडे बैल चार. म्हणून हा लोखंडी बैल आला. गावातून मिरवत आला, दोन दिवस नांगरला, तिसऱ्या दिवशी वीटभट्टीसारखा धूर ओकू लागला आणि चौथ्या दिवशी बांधावरच बसला. चार बैल लावून त्याला गोठ्याशेजारी ओढत आणलं. सगळं गाव बघायला आलं होतं. आमचा सालगडी मोठ्या गंभीरपणे म्हणाला, "मालक, हे बेस झालं. आता बैलांना बी कळलं, कोन थोरला हाय ते."

वर्षभर तो तिथेच उभा होता. त्याच्या लोखंडी बैठकीवर कोंबडी अंडी घालायची, हीच काय ती त्याची कमाई. माझे सासरे, म्हणजे मामंजी, जाता-येता त्याच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "आठ बैल घेतले असते तर निदान शेण तरी मिळालं असतं."

पुढच्या संक्रांतीला ह्यांचे मामा नगरहून आले. ते कचेरीत वजनदार गृहस्थ. त्यांनी बातमी आणली की कारकुनाची एक जागा रिकामी होतेय, भाचा मॅट्रिक झालेला आहे, आखितीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, ते ती धरून ठेवू शकतात. राहायला दोन खोल्या, माझ्या माहेरापासून दोन गल्ल्या सोडून. आणि खोलीच्या दारातच नळ. मामंजींनी जेवता जेवताच निकाल दिला, "आखितीला हे धूड चाललं तर तू शेती कर. नाही चाललं तर भंगारात जाईल, आणि तू कचेरीत." ह्यांनी मान हलवली. शेतीवर ह्यांचा जीव होता, ते मला ठाऊक होतं. तरी पण खोटं कशाला बोलू? त्या दुपारी भांडी घासताना मी मनातल्या मनात नगरच्या खोलीत फडताळ कुठे ठेवायचं तेही ठरवून टाकलं होतं.

होळी झाली आणि हे नगरहून एका उस्तादांना घेऊन आले. म्हातारे मुसलमान गृहस्थ, मेंदीने लाल केलेली दाढी. आयुष्यभर लॉऱ्यांची इंजिनं खोललेली. ह्यांनी आधीच सांगून टाकलं की नवे भाग घ्यायची ऐपत नाही. उस्ताद म्हणाले, "नवे भाग घालून कुणी पन इंजन बनवतो. त्याला मला कशाला बोलावता?" मला ते तेव्हाच आवडले. सासूबाईंनी त्यांच्यासाठी वेगळी कपबशी काढून ओसरीच्या कोनाड्यात ठेवली. तेव्हा घराघरात तेच चालायचं, आणि मला त्याची लाज वाटायची, पण बोलायची छाती नव्हती. उस्ताद मात्र त्या कपात चहा घेताना दर वेळी म्हणायचे, "माझा खास कप हाय, दुसऱ्या कुनाला देऊ नका." दोन आठवड्यांनी सासूबाई आपण होऊन त्यांना घरातल्या पितळी पेल्यात चहा देऊ लागल्या. कपबशीचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

इंजिन खोललं आणि अंगणभर पोत्यांवर त्याचे अवयव मांडले. पिस्टनच्या रिंगा झिजून गेल्या होत्या, तोच धुराचा उगम. नगरला लष्कराच्या मोडीत निघालेल्या लॉऱ्यांच्या ढिगातून उस्तादांनी जवळपासच्या मापाच्या रिंगा शोधून आणल्या आणि कानशीने घासून घासून बसवल्या. इंजिनाच्या वरच्या झाकणाखाली, म्हणजे हेडखाली, एक तांब्याचं पॅकिंग लागतं, ते फाटलेलं. "जाड तांबं पायजे," उस्ताद म्हणाले आणि त्यांची नजर माझ्या माहेरच्या घंगाळावर गेली. पोचे पडलेलं, पण माझ्या लग्नातलं. मी म्हटलं, "न्या. नगरला गेलो तर नळाखाली बादली चालेल, आणि नाही गेलो तर विहिरीवर अंघोळ करीन." तांबटाने ते कापून पत्रा सरळ केला, उस्तादांनी त्यातून भोकाभोकांचं पॅकिंग कातरलं आणि निखाऱ्यात लाल करून पाण्यात बुडवलं, म्हणजे ते मऊ पडतं. माझ्या आईने हळदीच्या दिवशी मला ज्यात अंघोळ घातली, ते घंगाळ चार पिस्टनांच्या डोक्यावर जाऊन बसलं.

मग काजळ. इंजिनाचा मोठा दांडा ज्या बेरिंगांत फिरतो, त्यांचा पांढरा धातू उस्तादांनी आमच्याच लोखंडी कढईत वितळवून नव्याने ओतला होता. आता दांडा त्यांत तंतोतंत बसायला हवा. त्यासाठी दांड्याला काळं फासायचं, बेरिंग लावून फिरवायचं, आणि जिथे काळा डाग उमटेल तिथला उंचवटा पात्याने खरवडायचा. पुन्हा काळं, पुन्हा खरवड, असं शंभर वेळा. या कामाचा विलायती रंग महाग. मी माझ्या दहा महिन्यांच्या मुलीसाठी एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं काजळ उस्तादांना दाखवलं. त्यांनी बोटावर चोळून पाहिलं आणि म्हणाले, "अरे, हे तर बादशाही सामान!" आठवड्यात डबी संपली. पोरगी बिनकाजळाची राहिली म्हणून सासूबाईंचा जीव वरखाली होऊ लागला. उस्तादांना ते कळलं, तेव्हा त्यांनी दांड्यावरचं काजळ बोटाने निपटून पोरीच्या गालाला तीट लावली. म्हणाले, "आता हिला पन नजर न्हाई अन् इंजनाला पन न्हाई." सासूबाई पदराआड हसल्या.

तोपर्यंत मी नुसती बघत होते. माझा हात त्यात शिरला तो झडपांमुळे. इंजिनात चार पिस्टन, प्रत्येकाला दोन झडपा, म्हणजे आठ. एक वारं आत घेते, दुसरी धूर बाहेर सोडते. या इंजिनात त्या पिस्टनच्या बाजूला, ठिणगी पाडणाऱ्या प्लगच्या भोकाखाली असतात. झडप आपल्या जागी पक्की बसली नाही तर सगळा दम तिथून निसटतो, म्हणून कुरुंदाच्या दगडाची पूड तेलात कालवून ती बैठकीवर घासायची असते. अर्धा फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे, मग जरा उचलायची, जरा फिरवायची, पुन्हा टेकवायची. उस्तादांचं मनगट दुखरं होतं. ह्यांनी करून पाहिलं, पण ह्यांचा हात मोटेचा, कामाला लागले की जोर लावायचे आणि झडपेवर ओरखडे काढायचे. मी ओसरीवर ताक घुसळत होते. उस्ताद बराच वेळ माझ्या रवीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बेटी, हा हात मला दे चार दिवस."

मी म्हटलं, "लोणी येईल का त्यातून?"

"येईल की. बघच तू."

सासूबाई कुरकुरल्या. सुनेने यंत्रात हात घालायचा म्हणजे काय! मामंजी म्हणाले, "घालू दे. नाहीतरी बिघडायचं काही शिल्लक नाही." मी पदर खोचून बसले. पहिल्या झडपेला एक सबंध दुपार गेली. "जोर नको, सबुरी," उस्ताद सांगत. दुसरीला मला आवाज कळू लागला. आधी खरखर, मग सरसर, आणि झडप बसली की आवाज जवळजवळ बंदच होतो. तिच्या कडेला बारीकशी राखाडी रेघ उमटते, सगळीकडे सारखी, कुठेही तुटलेली नाही. ती पहिली रेघ पाहिली आणि मला इतका आनंद झाला, की मी पोरीला उचलून आणून ती दाखवली. मग झडपेवर रॉकेल ओतून ठेवायचं. खालून थेंब पडला नाही तर झडप पास. माझ्या आठच्या आठ झडपांतून थेंब पडला नाही. उस्ताद म्हणाले, "माझ्या दुकानात असतीस, तर दोन पोरांना मी घरी पाठवलं असतं."

एवढं होऊनही नगर डोक्यातून गेलं नव्हतं. दिवसा झडपा घासायच्या आणि विहिरीवर घागर भरताना दारातला नळ आठवायचा. दोन्ही एकदम कसं चालायचं ते मला आजही सांगता येत नाही, पण चालायचं.

आखितीचा दिवस उजाडला. इंजिन जागेवर बसलं होतं. गाडी सुरू करायची पेट्रोलवर आणि तापली की रॉकेलवर घ्यायची. पेट्रोल कुपनावर, तेही वाटीभरच मिळालेलं. ते पटकन पेटावं म्हणून चारही प्लग काढून शेगडीत गरम करायचे आणि ऐन वेळी बसवायचे, ही उस्तादांची युक्ती. प्लग गरम करायचं काम माझं. मी सांडशीने शेगडी उचलून अंगणात आले, तर सासूबाई ताम्हन घेऊन पुढे झालेल्या. पूजा केल्याशिवाय कुठलंही अवजार आमच्या घरी रानात जात नाही, नांगर नाही, पाभर नाही, मग याला वेगळा न्याय कशाला? उस्ताद अदबीने दोन पावलं मागे सरून उभे राहिले. मामंजींनी डोळे मिटले. सासूबाईंनी हेडला कुंकवाची बोटं ओढली, हळद वाहिली, आणि सढळ हाताने मूठभर अक्षता टाकल्या.

चार उघडी भोकं, आणि त्यांवर मूठभर तांदूळ! मी शेगडी धरून समोरच उभी होते. मला स्पष्ट दिसलं, दोन-तीन दाणे दुसऱ्या भोकात गेले, एक-दोन तिसऱ्यात. मी तोंड उघडलं. आणि मिटलं. मनात आलं, झालं की तुझं काम, बाई. आपण काही केलं नाही, करायलाही सांगितलं नाही. देवाच्याच मनात नगर आहे.

प्लग बसले. हे हँडल मारू लागले. एकदा, दहादा, वीसदा. इंजिन नुसतं ठसकायचं. मामंजींनी नारळ फोडून ठेवलेला, खोबरं तसंच पडलेलं. गडी म्हणाला, "मालक, त्येला भूक न्हाई दिसत." कुणी हसलं नाही. उस्तादांनी धुराच्या नळीला कान लावला आणि ह्यांना हळूहळू हँडल फिरवायला सांगितलं. मलाही तो आवाज ऐकू येत होता, दोन पिस्टन गच्च दाबत होते आणि दोन नुसते सुस्कारे टाकत होते. घोडं कुठे पेंड खातंय ते मला माहीत होतं, झडपांखाली दाणे अडकले होते. ह्यांनी पुन्हा हँडल घेतलं. तळहातांना फोड आले तरी मारतच होते, न बोलता. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

शेवटी उस्ताद उठले. माझ्याकडे न बघता मामंजींना म्हणाले, "दोन झडपा बसल्या न्हाईत. चूक माझी हाय. मी नीट पारखून घ्यायला पायजे व्हतं."

मामंजी म्हणाले, "तुम्ही काय कराल उस्ताद? बरं, झालं. मामाला पत्र टाकून द्या."

नगर मिळालं होतं. नळ, दोन खोल्या, माहेर, सगळं एका वाक्यात मिळालं होतं. आणि मला त्या म्हाताऱ्याचा खाली गेलेला चेहरा बघवेना. माझी चूक तो आपल्या अंगावर घेत होता, आणि मुळात ती माझी चूकही नव्हती. चूक असलीच तर गप्प बसण्याची होती. इतक्या दिवसांची खरखर, सरसर, ती राखाडी रेघ, सगळं डोळ्यांपुढे आलं आणि मी सगळ्यांसमोर, मामंजींसमोर, डोक्यावरचा पदर सावरायचंही भान न ठेवता ओरडले, "माझ्या झडपा गळत नाहीत!"

सासऱ्यांपुढे मी त्याआधी कधी मान वर करून बोललेसुद्धा नव्हते.

"आत तांदूळ आहेत," मी म्हटलं. "अक्षतांचे. दोन नंबरच्या आणि तीन नंबरच्या भोकात गेलेत. मी पाहिलं."

सासूबाईंच्या हातातलं ताम्हन तिरकं झालं. "माझ्या अक्षता?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि मला त्यांची फार दया आली. पण आता माघार कसली? मी आत गेले, कुंकवाखाली लावायच्या मेणाची डबी आणली, केरसुणीची काडी मोडून तिच्या टोकाला मेणाची गोळी लावली. उस्तादांनी प्लग काढले, झडप वर येईपर्यंत इंजिन हाताने फिरवलं, आणि मी काडी आत सोडून टोचून टोचून दाणे वर काढले. दोन आणि दोन, चार दाणे, आणि एकाचा चुरा. कुंकवाने लाल, तेलाने काळे. उस्तादांनी ते तळहातावर घेतले आणि आभाळाकडे बघून इतके हसले की त्यांना खोकला आला. "तीस वर्षांत इंजनातून रिंग काढली, खिळे काढले, एकदा उंदीर काढला. परसाद पयल्यांदा काढला!"

सासूबाई काही हार जाणाऱ्या नव्हत्या. म्हणाल्या, "देव आत जाऊन बघून आला. आता चालेल."

पुन्हा प्लग तापवले. तिसऱ्या हँडलला इंजिन पेटलं. आवाज असा झाला की बैलांनी दावी तोडली, कोंबड्या छपरावर गेल्या आणि पोरगी टाळ्या पिटू लागली. उस्ताद इंजिनाच्या कडेला बोट ठेवून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं. ते नगरसाठी नव्हतं, एवढं मला तेव्हाही कळलं.

ट्रॅक्टर तसाच ओढा ओलांडून रानात गेला. मामंजी मागून चालत होते. पहिलं तास, नांगराची पहिली रेघ, पुरं झालं तेव्हा ते वाकले, तासात हात घालून खोली मापली, कुंद्याची एक लांबलचक मुळी उपटून वर धरली आणि कोपरापर्यंत माती लागलेला हात तसाच ठेवून म्हणाले, "मामाला कळव, जागा दुसऱ्या कुणाला द्या म्हणावं." हे ते ह्यांना म्हणाले, पण बघत होते माझ्याकडे.

दुपारी मी रानात भाकरी घेऊन गेले. उस्ताद बांधावरच्या लिंबाखाली आडवे झाले होते. हे चाकाला टेकून बसले, फोड आलेल्या हाताने भाकरी मोडता येईना, म्हणून मीच मोडून दिली. थोडं खाल्ल्यावर म्हणाले, "आईच्या अक्षता आत पडल्या, ते मीही पाहिलं होतं."

मला वाटलं, ऐकण्यात काही चुकतंय. "काय?"

"दुसऱ्यात आणि तिसऱ्यात. मी पलीकडच्या बाजूला उभा होतो. तुझंही लक्ष होतं, ते पाहिलं मी."

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"तुला नगरला जायचं होतं ना? म्हटलं, ही बोलली नाही तर जायचं. कचेरी काही वाईट नसते."

"आणि हाताला फोड येईपर्यंत हँडल कशाला मारत होतात मग?"

"तुला विचार करायला वेळ नको?" ते म्हणाले आणि पुन्हा भाकरीकडे वळले.

असा संताप आला मला! एवढी मोठी गोष्ट, आणि कांदा मागावा तशा आवाजात सांगितली. मी त्यांना उंटावरचे शहाणे म्हटलं, आणखीही पुष्कळ बोलले, आणि बोलता बोलता रडायलाच लागले. लग्न ठरलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं, माझ्या वडिलांनीसुद्धा नाही. आणि हा माणूस आपलं सगळं रान डावावर लावून, फोड आलेल्या हातांनी, माझ्या उत्तराची वाट बघत हँडल फिरवत राहिला होता.